शाई सुकली म्हणजे यंत्र मेले नव्हे
(घरच्या इंकजेट प्रिंटरची निगा व दुरुस्ती)

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



बेणे, लागण, खोडवा, हुमणी आणि ठिबक हे माझे नेहमीचे विषय. ते सोडून हा गडी या अंकात प्रिंटरवर काय लिहायला बसला, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. परंतु ऊस नोंदीच्या निमित्ताने गटागटांतून फिरताना एक गोष्ट वारंवार नजरेस आली. सन २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, मुलांचा अभ्यास घरी आला, तेव्हा पुष्कळ घरांतून इंकजेट प्रिंटर आले. पुढे सातबारा, आठ-अ, पीक कर्जाचे अर्ज, मुलांचे प्रकल्प असे सारे त्यावर निघू लागले. आज त्यांतले किती तरी प्रिंटर माळ्यावर किंवा धान्याच्या कोठीशेजारी धूळ खात पडलेले दिसतात. विचारले, की उत्तर ठरलेले : "साहेब, ते गेलं. दुरुस्तीला नव्याएवढंच लागतंय म्हणे. भंगारवाला आला की देऊन टाकायचं."

आता हिशोब पाहू. टाकीचा साधा रंगीत प्रिंटर आज दहा ते पंधरा हजार रुपयांना पडतो. सन २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये, एफआरपी ठरविली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते ती वेगळीच. म्हणजे एक प्रिंटर टाकून दुसरा घेणे हे चार-पाच टन ऊस भंगारात घालण्यासारखे आहे. चार-पाच टन ऊस पिकवायला काय लागते, हे आपणांस मी सांगायला नको.

वास्तविक यांतील बहुतेक यंत्रे मेलेली नसतातच. त्यांचे तोंड चोंदलेले असते. ठिबकचा ड्रिपर चोंदला म्हणून आपण सगळी लॅटरल उकिरड्यावर टाकतो काय? मग या यंत्रालाच वेगळा न्याय का?

यंत्र चालते कसे

निगा करायची तर आधी यंत्राची रीत कळली पाहिजे. प्रिंटरमध्ये कागदावरून डावी-उजवीकडे सरकणारा जो भाग असतो, त्याच्या पोटाशी 'हेड' असते. या हेडला शेकडो बारीक छिद्रे असतात, त्यांना नोझल म्हणतात. एका नोझलचे तोंड साधारण २० मायक्रॉनचे, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढे असते. ताडून बघा : आपल्या ठिबकचा १२० मेशचा जाळीचा फिल्टर असतो, त्याचे छिद्र साधारण १३० मायक्रॉनचे. जो कण आपल्या फिल्टरमधून सुखाने पार होईल, तो या नोझलमध्ये दगडासारखा अडकेल. या नोझलमधून शाईचा जो थेंब उडतो, तो काही पिकोलिटरचा असतो. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग.

थेंब उडविण्याच्या रीती दोन आहेत. पहिलीत नोझलपाशी एक अतिसूक्ष्म हीटर असतो. तो क्षणभर तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि तो पुढचा थेंब बाहेर ढकलतो. कॅनन व एचपी यांच्या घरगुती यंत्रांत ही रीत असते. सन १९७७ मध्ये जपानात कॅननच्या प्रयोगशाळेत डाग देण्याची तापलेली कथलाची सळई शाई भरलेल्या सुईला चुकून लागली, सुईतून शाई उडाली आणि त्यातून ही कल्पना निघाली, असे कंपनी सांगते. दुसऱ्या रीतीत हीटर नसतो. विजेचा झटका बसला की वाकणारा एक स्फटिक शाई दाबून बाहेर काढतो, त्याला पिझो पद्धत म्हणतात. एप्सन व ब्रदर यांची यंत्रे या पद्धतीची. सन १९८४-८५ च्या सुमारास दोन्ही रीतींची यंत्रे बाजारात आली. आज चाळीस वर्षांनंतरही मूळ तत्त्व तेच आहे.

हा फरक दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचा. हीटरच्या हेडला शाईच थंड ठेवते. विहिरीत पाणी नसताना मोटार चालविली तर ती जळते, तद्वत शाई संपली असता छपाई रेटत राहिल्यास हे हेड जळू शकते. तेव्हा टाकीतील शाई खालच्या खुणेपर्यंत आली की थांबावे आणि भरावी. खुणेखाली गेली तर नळ्यांत हवाही शिरते, आणि ती काढताना निम्मी शाई वाया जाते.

बिघाडाचे मूळ

बहुतेक बिघाड वापराने होत नाहीत, न वापरल्याने होतात. शाईत पाणी असते. महिना-दोन महिने यंत्र बंद राहिले, की नोझलच्या तोंडाशी पाणी उडून जाते आणि रंगाचा खर मागे राहतो. पाण्यातला क्षार ड्रिपरच्या तोंडाशी साचतो, हा प्रकार नेमका तसाच.

दुसरे मूळ म्हणजे आपले भारनियमन आणि आपली सवय. काम झाले की हेड उजव्या बाजूच्या घरात जाऊन बसते. तेथे रबराची एक टोपी असते, ती खालून हेडला चिकटून बसते आणि शाईला हवा लागू देत नाही. यंत्राच्या स्वतःच्या बटणाने बंद केले तरच हेड नीट टोपीवर जाते. आपण काय करतो? काम झाले न झाले तोच भिंतीवरच्या बोर्डाचे बटण दाबतो. किंवा छपाई चालू असतानाच लाईट जाते, आणि हेड मधल्या मध्ये उघडे राहते. लाईट आल्यावर यंत्राकडे बघायला कोणाला सवड? दोन दिवस उन्हाळ्याची हवा लागली की नोझल सुकलेच समजा.

म्हणून घरातल्या लहानथोरांना एवढे एकच सांगून ठेवावे : आधी यंत्राचे बटण, दिवा विझेपर्यंत दम, मग भिंतीचे बटण. लाईट मध्येच गेली असेल तर ती आल्यावर यंत्र चालू करावे, हेड घरात जाऊ द्यावे आणि मग रीतसर बंद करावे.

नेहमीची निगा

१) आठवड्यातून एकदा, निदान पंधरवड्यातून एकदा तरी चारही रंग लागतील असे एक पान छापावे. कागद आणि शाई मिळून खर्च नगण्य आहे.

२) यंत्र वारंवार चालू-बंद करू नये. चालू होताना पुष्कळ मॉडेल थोडी शाई ओढून हेड साफ करून घेतात. दिवसातून पाच वेळा चालू केले तर ती शाई नुसती स्पंजात जाते.

३) यंत्र सपाट जागी, खिडकीचे ऊन व चुलीचा धूर यांपासून दूर ठेवावे. वर धुतलेले सुती कापड झाकावे. मागून कागद घालायची खाच उघडी राहिली की त्यात पेन्सिल, टाचणी, शेंगदाणा, पोरांचे मणी असे काहीही पडते. 'कागद ओढत नाही' या तक्रारीमागे असले काही निघाल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

४) पावसाळ्यात कागद दमट होतो, दोन-दोन पाने एकदम जातात. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा, लागतील तेवढीच पाने काढावीत आणि घालण्यापूर्वी फडफडवून मोकळी करावीत.

५) शाई त्याच मॉडेलसाठी सांगितलेली वापरावी. बाटलीवरचा क्रमांक यंत्राच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा. पुष्कळ यंत्रांत काळी शाई पिग्मेंटची, म्हणजे बारीक कणांची असते आणि रंगीत शाई विरघळलेल्या रंगाची असते. एकीच्या टाकीत दुसरी ओतली तर घोटाळा होतो. तणनाशकाचा पंप आपण वेगळा ठेवतो ना? तोच नियम इथे.

६) टाकीचे यंत्र दुसरीकडे नेताना आडवे-तिडवे करू नये. गाडीच्या डिकीत कलंडले तर शाई नळ्यांतून बाहेर येते. ज्या मॉडेलला वाहतुकीची कळ असते, तिथे ती आधी लावावी.

छपाईत पांढऱ्या रेघा आल्यास

अशा वेळी घाई करू नये. पायरी पायरीने जावे.

पहिली पायरी : संगणकावरून किंवा यंत्राच्या बटणांवरून 'नोझल चेक'चे पान काढावे. त्यावर चारही रंगांच्या बारीक रेघांची जाळी येते. जेथे रेघ तुटली, तेथील नोझल बंद आहेत. कुठला रंग आजारी आहे ते कळले, म्हणजे अर्धे काम झाले.

दुसरी पायरी : 'हेड क्लिनिंग' एकदा करावे आणि पुन्हा नोझल चेक काढावे. सुधारणा दिसली तर आणखी एकदा. मात्र तीन वेळांच्या वर लागोपाठ करू नये. पुष्कळ जण वैतागून दहा-दहा वेळा करतात. त्यात टाकी रिकामी होते, स्पंज भरतो आणि नोझल तसेच राहते.

तिसरी पायरी : यंत्र रीतसर बंद करून बारा तास तसेच ठेवावे. टोपीच्या ओलाव्याने सुकलेली शाई मऊ होते. रात्री ठेवावे, सकाळी पुन्हा एकदा साफ करून पाहावे. पुष्कळ वेळा एवढ्यावर भागते. ज्या टाकीच्या यंत्रात 'पॉवर क्लिनिंग'ची सोय आहे तेथे ती नंतरच वापरावी, आणि त्यापूर्वी सगळ्या टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या आहेत हे पाहावे, नाही तर नळ्यांत हवा शिरेल.

चौथी पायरी : तरीही न जमल्यास डिस्टिल्ड वॉटरचा उपाय. बॅटरीच्या दुकानात मिळते ते. मात्र बाटली नीट वाचून घ्यावी. बॅटरीचे शुद्ध पाणी वेगळे आणि बॅटरीचे ॲसिड वेगळे. यंत्र चालू करून हेड मध्यावर आले की भिंतीचे बटण बंद करावे व पिन काढावी, मग हेड हाताने अलगद सरकवता येते. टोपीतील स्पंजावर ड्रॉपरने चार-पाच थेंब पाणी सोडावे, हेड परत टोपीवर आणावे आणि रात्रभर ठेवावे. जोर लावू नये. हेड सरकत नसेल तर ते अडकवलेले आहे असे समजावे, ओढाताण करू नये.

ज्या यंत्रात हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते, तिथे काम आणखी सोपे. कार्ट्रिज काढावे, धागे न सुटणाऱ्या कापडावर कोमट डिस्टिल्ड वॉटर शिंपडून त्यावर नोझलची बाजू दोन-तीन मिनिटे टेकवून धरावी, मग कोरड्या कापडाने अलगद टिपावी. तांब्याचे ठिपके दिसतात ते कोरडे असावेत, त्यांना बोटे लावू नयेत.

काय वापरू नये तेही सांगून ठेवतो. ठिबकला आपण आम्ल प्रक्रिया करतो, ती इथे चालणार नाही. ॲसिड, पेट्रोल, थिनर, बोअरचे पाणी, सुई, टाचणी यांतले काहीही हेडजवळ नेऊ नये. बोअरच्या पाण्यातील क्षाराने चोंदलेले नोझल आणखी चोंदेल.

कागद ओढत नसल्यास, खडखडाट होत असल्यास

कागद ओढणारा रबरी रोलर धुळीने आणि कागदाच्या भुकटीने गुळगुळीत होतो. यंत्र बंद करून पाण्याने किंचित ओल्या केलेल्या कापडाने रोलर फिरवत पुसावा आणि वाळू द्यावा. पकड परत येते.

दुसरी तक्रार म्हणजे हेड आपटते, खडखड होते आणि लाल दिवा लागतो. हेडच्या मागून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक पारदर्शक पट्टी गेलेली असते. तिच्यावर डोळ्यांना नीट न दिसणाऱ्या रेघा असतात. त्या मोजूनच आपण कुठे आहोत हे हेडला कळते. या पट्टीवर शाईचा किंवा ग्रीसचा डाग पडला, की हेड आंधळे होते आणि भिंतीवर जाऊन आदळते. पट्टी न ओढता, ओलसर मऊ कापडाने हलक्या हाताने पुसावी. एका सभासदाचे यंत्र 'मदरबोर्ड गेला' म्हणून तालुक्याच्या दुकानातून परत आले होते. त्याच्या बारावीतल्या मुलीने ही पट्टी पुसली आणि यंत्र चालू झाले. मुलीने त्यावर पहिले काय काढले असेल, तर वडिलांच्या पीक कर्जाचा अर्ज!

'पॅड भरले' असा निरोप आल्यास

हेड साफ करताना निघालेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या स्पंजात जाते. यंत्र तिचा हिशोब ठेवते, आणि हिशोबाने स्पंज भरला की काम थांबविते. बरेच लोक इथेच यंत्र टाकून देतात. वास्तविक यंत्रात काही बिघडलेले नसते. अलीकडच्या पुष्कळ मॉडेलमध्ये हा स्पंज एका पेटीत असतो, ती पेटी विकत आणून घरीच बदलता येते. जुन्या मॉडेलमध्ये जाणत्या कारागिराकडून स्पंज बदलून घ्यावा आणि मग हिशोब शून्यावर आणून घ्यावा. काही जण स्पंज तसाच ठेवून नुसता आकडा शून्य करून देतात. तसे करून घेऊ नये. पुढे केव्हा तरी शाई टेबलावर, सतरंजीवर उतरते.

शाईचा हिशोब आणि गिऱ्हाइकाचा हक्क

छोट्या कार्ट्रिजमध्ये काही मिलिलिटरच शाई असते. टाकीच्या यंत्राच्या बाटलीत ६५ ते १३५ मिलिलिटर असते. म्हणून कार्ट्रिजचे यंत्र घेताना स्वस्त आणि चालविताना महाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो प्रकार. नवीन घ्यायचीच वेळ आली, तर यंत्राच्या किमतीबरोबर शाईची किंमत, स्पंजाची पेटी मिळते काय आणि दुरुस्तीचे दुकान किती लांब, हेही विचारावे.

कंपन्यांनीही यात सगळे सरळ केले आहे असे नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी बाहेरची कार्ट्रिजे एकाएकी नाकारली. जगभर ओरड झाली, तेव्हा तो बदल काढण्याची सोय कंपनीला द्यावी लागली. सन २०१७ मध्ये फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने प्रिंटर मुद्दाम लवकर निकामी केले जातात अशी तक्रार नामवंत कंपन्यांविरुद्ध गुदरली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर कंपन्यांच्या दुरुस्ती व सुट्या भागांची माहिती एकत्र ठेवण्याची योजना आहे. हमीच्या मुदतीत दुरुस्ती नाकारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र त्यासाठी पावती जपून ठेवलेली पाहिजे. खताची पावती आपण ठेवतो, तशीच ही.

दुरुस्ती कधी करू नये

प्रत्येक यंत्र वाचतेच असे मी म्हणणार नाही. खोडवा किती वर्षे ठेवायचा यालाही मर्यादा असते. मुख्य बोर्ड जळाला असेल, पिझो हेड कायमचे गेले असेल आणि खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त सांगत असतील, तर हट्ट करू नये. तरी टाकण्यापूर्वी एक पाहावे : काही मॉडेलमध्ये छपाई बंद पडली तरी स्कॅनर चालतो. सातबारा, बँक पासबुक स्कॅन करायला ते यंत्र आणखी चार वर्षे उपयोगी पडेल.

आणि टाकायचेच तर ते उकिरड्यावर किंवा ओढ्याच्या काठाला टाकू नये, जाळू तर मुळीच नये. वायरीतले तांबे काढण्यासाठी प्लॅस्टिक जाळले, की त्याचा विषारी धूर आपल्याच पोराबाळांच्या छातीत जातो. केंद्र शासनाचे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांत प्रिंटर आणि कार्ट्रिज या दोहोंचा समावेश आहे, आणि निकामी मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. तेव्हा कंपनीच्या केंद्रात किंवा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच ते द्यावे.

शेवटी एवढेच

आपल्या वडीलधाऱ्यांनी मोटेची चामडी शिवली, इंजिनाचे वॉशर घरी कापले, नांगराचा फाळ लोहाराकडून चारचारदा शेवटून घेतला. वस्तू मोडली म्हणजे ती टाकायची, ही रीत आपल्या घरात कधी नव्हती. प्रिंटर परदेशी आहे, प्लॅस्टिकचा आहे, त्यावर इंग्रजी निरोप येतात, म्हणून आपण त्याला बिचकतो एवढेच. पाठीवरच्या पंपाचे नोझल ज्याला फुंकून साफ करता येते, त्याला हेही येईल. फक्त इथे तोंडाने फुंकायचे नाही!

आयटीआय झालेली, बारावी-डिप्लोमा करून घरी बसलेली मुले गावोगाव आहेत. एखाद्याने हे काम मनापासून शिकून घेतले, थोडी हत्यारे आणि सुटे भाग जवळ ठेवले, तर पंचक्रोशीतली यंत्रे त्याच्याकडे येतील, त्याला चार पैसे मिळतील आणि सभासदाची तालुक्याची खेप वाचेल.

तरी सर्व सभासदांस विनंती की, भंगारवाल्याच्या काट्यावर यंत्र ठेवण्यापूर्वी एक नोझल चेकचे पान काढून पाहावे. थेंबे थेंबे तळे साचे, आणि थेंबाथेंबानेच ते आटतेही. शाईचा असो, पाण्याचा असो की घामाचा, थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, हीच शेतकऱ्याची रीत.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी.